फ्यूज शाबूत असताना ट्रान्झिस्टर का जळतो? ॲम्प्लिफायरला जादा करंटपासून कसं वाचवायचं

पॉवर ॲम्प्लिफायर दुरुस्तीला उघडला की बऱ्याचदा एकच चित्र दिसतं. आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी (बेस, कलेक्टर, एमिटर) एमिटरला जोडलेला ०.२२ ओहमचा रेझिस्टर काळा पडलेला आणि फ्यूजही उडालेला. मालक विचारतो, ‘फ्यूज होता ना, मग ट्रान्झिस्टर कसे गेले?’ खरा क्रम उलटा असतो. आधी ट्रान्झिस्टर गेले, ते आतून शॉर्ट झाले, आणि त्या शॉर्टमुळे मग सावकाश फ्यूज उडाला.

हे का होतं ते आकड्यांनी पाहू. त्यासाठी एक नेहमीचा ॲम्प्लिफायर समोर ठेवू: २५-०-२५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्यातून मिळणारा अधिक-उणे ३५ व्होल्ट सप्लाय, प्रत्येक बाजूला १०,००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, आणि आउटपुटला २एससी५२०० व २एसए१९४३ या ट्रान्झिस्टरची एक जोडी. या सर्किटमधून स्पीकरला कमाल ३० व्होल्टपर्यंतचं शिखर मिळतं. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये त्याचा करंट ३.७५ अँपिअर होतो आणि पॉवर साधारण ५६ वॅट. इथवर सगळं ठीक.

आता स्पीकरची वायर शॉर्ट झाली असं समजा. आउटपुट शून्य व्होल्टवर अडकलं, पण ॲम्प्लिफायर फीडबॅकच्या (आउटपुट इनपुटशी ताडून पाहणाऱ्या जोडणीच्या) हुकमानुसार व्होल्टेज वाढवायला धडपडतोय. ३५ व्होल्टचा अख्खा भार ट्रान्झिस्टर आणि त्याच्या एमिटर रेझिस्टरवर येतो. १० अँपिअर जरी वाहिले तरी ३५ गुणिले १०, म्हणजे ३५० वॅट उष्णता, आणि त्यातली बहुतेक ट्रान्झिस्टरमध्येच. २एससी५२०० ची मर्यादा १५० वॅट आहे, तीही त्याच्या पाठीचा धातूचा पत्रा २५ अंशांवर ठेवता आला तर.

ट्रान्झिस्टरचं काळं पॅकेज मोठं दिसतं, पण आतला सिलिकॉनचा चकता लहान असतो. तो ५ मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि पाव मिलिमीटर जाड धरला तर त्याचं वजन जेमतेम १५ मिलिग्रॅम भरतं. एवढ्या सिलिकॉनचं तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ०.०१ जूल ऊर्जा पुरते. ३५० वॅट म्हणजे दर मिलिसेकंदाला ०.३५ जूल. म्हणजे खालच्या तांब्याने उष्णता ओढून घ्यायच्या आत चकता दर मिलिसेकंदाला ३५ अंशांपर्यंत तापू शकतो. तांबं थोडी उसंत देतं, उष्णता हवेत सोडणारा हीटसिंक त्याच्याही नंतर जागा होतो. दहा-वीस मिलिसेकंदांत खेळ संपलेला असतो. हीटसिंकला हात लावून ‘अजून गारच आहे’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

फ्यूज किती वेळ घेतो ते पाहा. ५ गुणिले २० मिलिमीटरच्या काचेच्या फास्ट फ्यूजचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की लिहिलेल्या करंटच्या दीडपट करंट त्याने किमान तासभर सोसला पाहिजे. २.१ पट करंटला तो तुटायला अर्ध्या तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. दहापट करंट आला तरी त्याला २० मिलिसेकंदांपर्यंत मुभा आहे. म्हणजे ५ अँपिअरचा फ्यूज १० अँपिअरवर कित्येक मिनिटं शांतपणे बसून राहू शकतो, आणि त्याने मानकाचा भंग केला असं म्हणता येणार नाही.

एक गोष्ट अजून. मुख्य २३० व्होल्टच्या बाजूचा फ्यूज तर हा शॉर्ट बघतही नाही. १०,००० मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरमध्ये ३५ व्होल्टला सुमारे ६ जूल साठलेले असतात. वरच्या हिशेबाने तो चकता सहाशेएक अंशांनी तापवायला तेवढे पुरेत. ट्रान्सफॉर्मरला खबर लागायच्या आधी कपॅसिटर आपलं काम करून मोकळा होतो.

मग फ्यूज कशासाठी?

आग लागू नये म्हणून. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यावर ट्रान्सफॉर्मर जळू नये, पीसीबीचा पट्टा पेटू नये, ब्रिज रेक्टिफायर फुटू नये म्हणून. हे काम मोलाचं आहे आणि ते फ्यूजशिवाय दुसरं कोणी इतक्या खात्रीने करत नाही.

आपल्या नमुन्यात सप्लायचे फ्यूज कपॅसिटरच्या नंतर, दोन्ही बाजूंना एकेक बसवावेत. पूर्ण आवाजात ८ ओहमला प्रत्येक बाजूचा परिणामी (आरएमएस) करंट साधारण १.९ अँपिअर येतो, म्हणून ३.१५ अँपिअरचा फास्ट फ्यूज. २३० व्होल्टच्या बाजूला १५० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरसाठी १.६ अँपिअरचा स्लो फ्यूज, कारण चालू करण्याच्या क्षणी कोरे कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा मिळून मोठा झटका ओढतात. ३०० व्हीए किंवा त्याहून मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर नुसता स्लो फ्यूज भागवत नाही. तिथे ४७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून एक-दोन सेकंदांनी रिलेने तो बायपास करावा.

उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून कार्यक्रम पुढे रेटण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. वायरमधली ०.२ मिलिमीटरची एकच बारीक तार वितळायला सुमारे ७ अँपिअर लागतात. तीन तारा पिळून लावल्या की २० अँपिअरच्या आसपास. म्हणजे तिथे फ्यूज उरलाच नाही. मंडपात कापड, थर्माकोल आणि गर्दी असताना हे करणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे. सुटे फ्यूज दोन-चार रुपयांचे असतात, ॲम्प्लिफायरच्या आतच चिकटपट्टीने पाच ठेवून द्यावेत.

करंट नेमका वाढतो कुठून

सगळ्यात मोठं कारण स्पीकरची जुळणी. ८ ओहमचा एक बॉक्स असेपर्यंत ३.७५ अँपिअर. तसाच दुसरा समांतर जोडला की ४ ओहम आणि ७.५ अँपिअर. गणपतीत किंवा लग्नाच्या वरातीत ‘आवाज कमी पडतोय’ म्हणून आणखी दोन जोडले की २ ओहम आणि १५ अँपिअर, म्हणजे २एससी५२०० ची कमाल करंट मर्यादा. उष्णताही त्याच पटीत वाढते. वाईटात वाईट आवाजपातळीला या सप्लायवर एका ट्रान्झिस्टरमध्ये ८ ओहमला साडेपंधरा वॅट, ४ ओहमला ३१ वॅट आणि २ ओहमला ६२ वॅट जिरतात. हीटसिंक दर वॅटला एक अंश तापणारा असेल आणि त्यावर दोन्ही ट्रान्झिस्टर असतील, तर ४ ओहमलाच तो हवेपेक्षा ६२ अंशांनी वर जातो. विदर्भातल्या ४२ अंशांच्या दुपारी त्याचे १०४ अंश होतात.

दुसरं कारण जोडणीतलं. स्पीकर टर्मिनलमधून बाहेर आलेली वायरची एक बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकते. कोपऱ्यात कपाटाच्या पायाखाली वायर चिरडते. पाव इंची जॅक वापरणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच: त्या पिनेचं टोक सॉकेटमध्ये शिरताना क्षणभर दोन्ही संपर्क एकत्र जोडू शकतं. ॲम्प्लिफायर चालू असताना जॅक घातला की शॉर्ट आपणच दिला. स्पीकॉन कनेक्टरमध्ये ही अडचण येत नाही, आणि मोठ्या पॉवरला तोच वापरावा.

तिसरं कारण आतलं असतं. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा तुकडा चिरला किंवा स्क्रू कापताना उरलेला धातूचा कण तिथे राहिला की कलेक्टर थेट हीटसिंकला टेकतो. किंवा सर्किट ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर स्वतःच थरथरू लागतं आणि वरचा व खालचा ट्रान्झिस्टर एकाच वेळी चालू राहतात. याची खूण सोपी आहे. आउटपुटवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅराडची जी सिरीज जोडी असते, तिचा १० ओहमचा रेझिस्टर जळलेला दिसतो. नुसता तो रेझिस्टर बदलून बोर्ड परत देऊ नये, कारण रोग दुसरीकडे आहे.

राखणदार ट्रान्झिस्टर

मिलिसेकंदांच्या आत काम करणारा पहारेकरी लागतो, आणि तो ट्रान्झिस्टरच असू शकतो. कल्पना साधी आहे. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधला ०.२२ ओहमचा रेझिस्टर करंट मोजण्याची पट्टी म्हणून वापरायचा. त्याच्यावरचं व्होल्टेज एका छोट्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरला द्यायचं. ते ०.६५ व्होल्टच्या आसपास गेलं की छोटा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि ड्रायव्हरच्या (आउटपुट ट्रान्झिस्टरला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) बेसला येणारा करंट ओढून आउटपुटकडे वळवतो. ड्रायव्हर उपाशी राहिला की आउटपुट ट्रान्झिस्टरचा करंट तिथेच थांबतो. या छोट्या ट्रान्झिस्टरला आपण राखणदार म्हणू. वरच्या बाजूला बीसी५४६ आणि खालच्या बाजूला बीसी५५६ चालतो.

थेट जोडला तर तो ०.६५ भागिले ०.२२, म्हणजे ३ अँपिअरच्या जरा आतच अडवेल. आपल्याला ८ ओहमलाच ३.७५ हवेत. संगीताच्या प्रत्येक ठोक्याला आवाज फाटेल. म्हणून मध्ये दोन रेझिस्टरची विभागणी करतात. एमिटरकडून राखणदाराच्या बेसला २२० ओहम आणि त्या बेसपासून आउटपुटला २२० ओहम. आता अर्धंच व्होल्टेज पोचतं आणि मर्यादा ५.९ अँपिअरवर जाते.

पुष्कळ सर्किटं इथेच थांबतात, आणि ती अपुरी आहेत. शॉर्टमध्ये ३५ व्होल्ट गुणिले ५.९ अँपिअर म्हणजे २०६ वॅट. साइन सिग्नलला ट्रान्झिस्टर अर्धाच वेळ काम करतो म्हणून सरासरी शंभराच्या आसपास येते, पण तापलेल्या ट्रान्झिस्टरला तीही झेपत नाही. पत्र्याचं तापमान ७५ अंश असेल तर २एससी५२०० ची मर्यादा १५० वरून ९० वॅटवर उतरते, कारण २५ च्या पुढे दर अंशाला १.२ वॅट वजा होतात.

इथे मूळ मुद्दा येतो. ट्रान्झिस्टरला अँपिअर मारत नाहीत, त्या क्षणी त्याच्यावर असलेले व्होल्ट गुणिले अँपिअर मारतात. स्पीकरला ३० व्होल्ट देताना ट्रान्झिस्टरवर फक्त ५ व्होल्ट उरलेले असतात, तेव्हा ५ अँपिअर म्हणजे २५ वॅट, काहीच नाही. तेच ५ अँपिअर शॉर्टमध्ये पावणेदोनशे वॅट होतात. शिवाय जास्त व्होल्टेजवर चकत्याचा एखादा भाग इतरांपेक्षा किंचित गरम झाला की सगळा करंट त्याच ठिपक्यातून धावतो, ठिपका आणखी तापतो आणि सिलिकॉनला भोक पडतं. याला दुय्यम भंग म्हणतात. त्यामुळेच डेटाशीटमध्ये वॅटच्या जोडीला सुरक्षित क्षेत्राचा आलेख दिलेला असतो. जुन्या, भरवशाच्या २एन३०५५ चं उदाहरण घ्या: करंट मर्यादा १५ अँपिअर छापलेली आहे, पण ४० व्होल्टवर एका सेकंदासाठी परवानगी फक्त २.८७ अँपिअरची.

म्हणून राखणदाराला करंटबरोबर व्होल्टेजही दिसलं पाहिजे. त्यासाठी तिसरा रेझिस्टर लागतो. अधिक ३५ च्या सप्लायपासून राखणदाराच्या बेसला १२ किलोओहम. ट्रान्झिस्टरवर जितकं व्होल्टेज जास्त, तितका हा रेझिस्टर राखणदाराला आधीच अर्धवट जागा ठेवतो. हिशेब केला तर आउटपुट ३० व्होल्टवर असताना मर्यादा साधारण ५.५ अँपिअर, १५ व्होल्टवर ४.३ अँपिअर आणि थेट शॉर्टमध्ये ३ अँपिअर. शॉर्टमधली उष्णता १०७ वॅटच्या शिखरावर आणि सरासरी पन्नाशीवर येते. सर्किटमध्ये भर पडली ती एका रेझिस्टरची.

बारकावे मात्र सांभाळावे लागतात. आउटपुट उणे ३० कडे जातं तेव्हा या १२ किलोओहमवर ६५ व्होल्ट येतात, म्हणून तो अर्ध्या वॅटचा घ्यावा. त्याच उलट्या अर्ध्या फेरीत राखणदाराचा कलेक्टर-बेस जोड उलटा वाहू नये म्हणून कलेक्टरमध्ये १एन४१४८ डायोड हवा. तो नसेल तर राखणदार शॉर्ट नसतानाही आवाजात कुरकूर घालतो आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. बेस आणि एमिटरमध्ये ०.१ मायक्रोफॅराड लावला की सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा उशीर मिळतो. क्षणिक टोकं निघून जातात आणि राखणदार स्वतः थरथरत नाही.

एक चूक फार महागात पडते. खालचा राखणदार ड्रायव्हरचा बेस अडवतो तेव्हा त्याच्या मागचा व्होल्टेज वाढवणारा ट्रान्झिस्टर हार मानत नाही. फीडबॅक त्याला ‘अजून ओढ, अजून ओढ’ म्हणत असतो. वरच्या बाजूला ठरावीक करंटचा स्रोत असल्याने तिथे ६-८ मिलिअँपिअरच्या पुढे काही जात नाही, पण खाली या ट्रान्झिस्टरला आवर घालणारं कोणी नसतं. आउटपुट वाचतं आणि तो जळतो. त्याच्या एमिटरमध्ये ४७ ओहम आणि त्यावर आणखी एक छोटा ट्रान्झिस्टर लावला की त्याचा करंट १४ मिलिअँपिअरला थांबतो. काही बोर्डांत ही रचना उलटी असते, तिथे वर-खालीची अदलाबदल समजून घ्यावी.

राखणदाराचे दोष

८ ओहम लिहिलेला स्पीकर रेझिस्टर नसतो. त्याच्या कॉइलचा डीसी रोध ६ ओहमच्या आसपास असतो, वारंवारतेनुसार तो बदलतो, आणि करंट व्होल्टेजच्या मागेपुढे सरकतो. हा फरक ४५ अंशांचा झाला तर आउटपुट शून्य व्होल्टवर असतानाही २.६५ अँपिअर वाहत असतात. ट्रान्झिस्टरवर त्या क्षणी ३५ व्होल्ट आहेत, म्हणजे ९३ वॅट. राखणदाराला हे शॉर्टसारखंच दिसतं. थंड असताना त्याची मर्यादा ३.०५ अँपिअर आहे, म्हणून तो जाऊ देतो. पण छोट्या ट्रान्झिस्टरचे ०.६५ व्होल्ट दर अंशाला २ मिलिव्होल्टने घटतात. पेटीत ५० अंश वाढले की ०.५५ उरतात आणि शॉर्टमधली मर्यादा २.१ अँपिअरवर येते. आता तो चांगल्या संगीतालाही कापू लागतो. रात्री दहापर्यंत स्वच्छ वाजणारा सेट मग फाटल्यासारखा का वाजतो, याचं एक कारण हे आहे.

उपाय म्हणून राखणदार काढून टाकणारे भेटतात. तसं करू नये. आउटपुटला एकाऐवजी दोन जोड्या लावाव्यात, प्रत्येक ट्रान्झिस्टरला स्वतंत्र ०.२२ ओहम द्यावा. राखणदाराचं मोजमाप एका ट्रान्झिस्टरवरूनच राहिलं तरी एकूण मर्यादा दुप्पट होते: शॉर्टमध्ये ६ अँपिअर, शिखरावर ११. एकेका ट्रान्झिस्टरवरचा ताण तेवढाच राहतो. अशा ॲम्प्लिफायरवर ८ ओहमचा कसलाही आडमुठा स्पीकर निवांत चालतो. ४ ओहमही चालेल, पण तापल्यावर पुन्हा तोच काठ येतो. ०.२२ ओहमचे स्वतंत्र रेझिस्टर वाचवू नयेत. ते नसतील तर दोनपैकी जो जास्त गरम तो जास्त करंट ओढतो, आणखी तापतो आणि आधी तोच मरतो.

राखणदाराने एकदम हात आखडला की स्पीकरच्या कॉइलमधला करंट जागच्या जागी थांबत नाही. तो आउटपुटला सप्लायच्याही पलीकडे ढकलतो आणि ‘टक्’ असा कर्कश आवाज येतो. आउटपुटपासून अधिक सप्लायला आणि उणे सप्लायपासून आउटपुटला असे दोन १एन५४०४ उलटे बसवले की ही लाथ सप्लायमध्ये जिरते.

रिले आणि उष्णतेचा स्विच

राखणदार ट्रान्झिस्टरला काही सेकंदांचं आयुष्य मिळवून देतो. शॉर्ट तसाच राहिला तर हीटसिंक तापत जाईलच. म्हणून दुसरी फळी हवी. ती साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात शॉर्ट ओळखते आणि रिले सोडून स्पीकर वेगळा करते. यूपीसी१२३७ हा आठ पायांचा आयसी यासाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. पहिल्या पायावर जादा करंट, दुसऱ्यावर आउटपुटचा डीसी, चौथ्यावर मेन्स गेल्याची खबर आणि सातव्यावर चालू होतानाचा विलंब. तिसऱ्या पायाच्या जोडणीवर ठरतं की दोष गेला की तो आपोआप परत जोडणार, की बंद करून चालू करेपर्यंत अडून राहणार. जादा करंटसाठी अडून राहणारी जोडणीच बरी. आपोआप जोडणारा रिले शॉर्टवर पुन्हा पुन्हा आपटत राहतो आणि प्रत्येक आपटीला ट्रान्झिस्टर आधीपेक्षा गरम असतो.

डीसीचं रक्षण हाही जादा करंटचाच भाग आहे. सप्लायचा एकच फ्यूज उडाला किंवा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर आउटपुट एका बाजूच्या ३५ व्होल्टवर जाऊन बसतं. ६ ओहमच्या कॉइलमध्ये तेव्हा जवळपास ६ अँपिअर, म्हणजे दोनशे वॅट नुसती उष्णता. स्पीकर धुरावतो. रिलेच्या जोडणीत एक युक्ती आहे: स्पीकर मधल्या सामायिक संपर्काला, ॲम्प्लिफायर नेहमी उघड्या संपर्काला आणि नेहमी बंद संपर्क ग्राउंडला. साध्या रिलेवर १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी असं छापलेलं असतं. ३५ व्होल्टचा डीसी तोडताना दोन संपर्कांमध्ये ठिणगी टिकून राहू शकते, आणि मग रिले सुटूनही स्पीकर जळतो. तिसरा संपर्क ग्राउंडला असेल तर ती ठिणगी ग्राउंडकडे वळते, स्पीकर सुटतो आणि फ्यूज आपलं काम करतो.

हीटसिंकवर ट्रान्झिस्टरच्या अगदी शेजारी ७५ किंवा ८० अंशांचा, तापल्यावर उघडणारा केएसडी३०१ स्विच बसवावा आणि तो रिलेच्या कॉइलच्या सिरीजमध्ये घ्यावा. सर्किटमधला हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

बायस म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारं व्होल्टेज. ते ठरवणारा प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर, हीसुद्धा लपलेली जागा आहे. बायस ठरवणारा ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच टेकलेला हवा, म्हणजे आउटपुट तापलं की बायस आपोआप उतरतो. प्रीसेट बेस आणि एमिटरच्या मध्ये लावावा. धुळीने त्याचा सरकता काटा सुटला तर बायस किमान होतो आणि आवाज फक्त खरखरीत होतो. तोच कलेक्टर आणि बेसच्या मध्ये असेल तर काटा सुटल्या क्षणी बायस कमाल होऊन दोन्ही ट्रान्झिस्टर कोणताही शॉर्ट नसताना जळतात. बोर्ड विकत घेतानाच हे पाहून घ्यावं.

आयसीच्या ॲम्प्लिफायरमध्ये यातलं बरंच आत भरलेलं असतं. एलएम३८८६ करंट साधारण ११.५ अँपिअरला अडवतो, हमी मात्र किमान ७ चीच आहे. चकता १६५ अंशांवर गेला की तो बंद पडतो आणि १५५ ला परत सुरू होतो. आवाज ठरावीक अंतराने येतो-जातो तेव्हा बहुधा हेच चाललेलं असतं, आणि उपाय हीटसिंक मोठा करणं किंवा स्पीकरचा ओहम वाढवणं हाच.

दुरुस्तीनंतर चालू करताना

नवे ट्रान्झिस्टर बसवल्यावर आधी मल्टिमीटरने प्रत्येक कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात रोध पाहावा. काहीच दिसता कामा नये. मग २३० व्होल्टच्या बाजूला सिरीज बल्बचा बोर्ड लावावा, १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. पूर्ण शॉर्ट असला तरी तो ०.४३ अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. थंड असताना त्याचा रोध ४० ओहमच्या आसपास आणि पेटल्यावर ५२९, म्हणून निरोगी सर्किटला तो अडवत नाही आणि आजारी सर्किटला मोकळं सोडत नाही. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बायस किमान ठेवून, स्पीकर न जोडता चालू करावं. बल्ब क्षणभर उजळून विझला तर ठीक. तेजाने पेटून राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधावा.

आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. बल्ब काढल्यावर ०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट येईपर्यंत बायस हळूहळू वाढवावा. तेव्हा स्थिर करंट ४५ मिलिअँपिअर असतो. दहा मिनिटं थांबून परत मोजावं. आकडा चढतच राहिला तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही.

बाजारात २एससी५२०० च्या नावाखाली लहान चकत्याचे नकली नग सर्रास मिळतात. बाहेरून फरक कळत नाही, मग राखणदाराचा सगळा हिशेब खोटा ठरतो. संशय असेल तर घेतलेल्या गठ्ठ्यातला एक नग फोडून जळलेल्या अस्सल नगाच्या चकत्याशी ताडून पाहावा. एक गमावला तरी चालेल.

शेवटी राखणदाराची परीक्षा. ३३ ओहम, १० वॅटचे चार रेझिस्टर समांतर जोडून ८ ओहमचा खोटा स्पीकर करावा, एक किलोहर्ट्झ साइन देऊन ऑसिलोस्कोपवर लाट कापली जाण्याच्या जरा आधीपर्यंत आवाज वाढवावा. ती स्वच्छ असली पाहिजे. मग सिग्नल बंद करून त्या जागी २.२ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावावा आणि सिग्नल फक्त एक-दोन सेकंद द्यावा. वर दिलेल्या मूल्यांना लाट दोन्ही बाजूंना ८ व्होल्टच्या आसपास सपाट झालेली दिसते, म्हणजे साधारण ३.७ अँपिअर. वरची बाजू सपाट आणि खालची १५ व्होल्टच्याही पुढे जात असेल तर खालचा राखणदार झोपला आहे. ताबडतोब बंद करून त्याचा १एन४१४८ उलटा बसलाय का, ते सगळ्यात आधी बघावं.